कॉल डेस्कवर सजगता: सकाळच्या शिफ्टच्या नोंदी

ग्राहकांचे फोन घेणाऱ्या आमच्या टीममध्ये सजगतेचा (माइंडफुलनेसचा, म्हणजे या क्षणी अंगात-मनात काय चाललंय तिकडे लक्ष देण्याचा) सराव बसवायचं काम मी अंगावर घेतलं, त्याच्या या नोंदी. ध्यान म्हणजे काय, मन म्हणजे काय, हे इथे सापडणार नाही. हेडसेट कानाला, क्यूमध्ये माणसं ताटकळलेली आणि डॅशबोर्डवर सेकंदासेकंदाचा हिशेब, अशा जागी हे कसं बसतं आणि कुठे अजिबात बसत नाही, एवढंच लिहिलंय. तुमचं काम वेगळं असेल तर त्याप्रमाणे फिरवून घ्या.

२ जून, सोमवार

मॅनेजरसोबत बसून काय मिळणार ते ठरवून घेतलं. रोज शिफ्टमधली १५ मिनिटं, एक कॉन्फरन्स रूम आणि आठ आठवड्यांची मुदत. बजेट शून्य, पण त्याचं फारसं अडणार नाही.

आठ आठवडे कुठून आले? जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण कमी करण्याचा जो कार्यक्रम सुरू केला, तो आठ आठवड्यांचा असतो. मात्र त्यात दर आठवड्याला साधारण अडीच तासांचा वर्ग, घरी रोज पाऊण तास सराव आणि मध्ये एक अख्खा दिवस असतो. आम्हाला मिळतंय त्याच्यापुढे हे म्हणजे फारच. म्हणून मॅनेजरला आधीच सांगून टाकलं की त्या कार्यक्रमाचे निकाल दाखवून आमच्या १५ मिनिटांकडून तेच मागायचं नाही.

"मग रजा तरी कमी होतील का?" त्यांनी विचारलं.

"सर, ते मी लिहून देणार नाही."

लिहून देण्यासारखं होतं ते एवढंच: २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा एक मोठा आढावा निघाला, त्यात चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाच्या कार्यक्रमांचा थोडा उपयोग होतो याला मध्यम दर्जाचा पुरावा सापडला. ताण आणि एकूण जीवनमान यांबाबतचा पुरावा त्याहून कच्चा. आमच्या कामाला जवळचा म्हणावा असा अभ्यास उटे ह्यूल्शेगर आणि सहकाऱ्यांचा, २०१३ चा. ज्यांना दिवसभर लोकांशी बोलावं लागतं अशा कर्मचाऱ्यांवरचा. सजगतेचा सराव करणारे वरवरचं हसू कमी आणतात आणि भावनिक थकवाही त्यांना कमी येतो, असं त्यात दिसलं. हे 'वरवरचं हसू' आमच्या कामाचं खरं दुखणं आहे. समोरचा शिव्या घालतोय आणि आपण "आपली गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत" म्हणतोय. आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या कामाबद्दल लिहिताना याला भावनिक श्रम म्हटलं. मॅनेजरना हा मुद्दा पटला, कारण तेही कधीकाळी हेडसेट लावून बसलेले आहेत.

मोजमापासाठी साधा कागद केला. शिफ्ट संपताना प्रत्येकाने तीन आकडे लिहायचे, ० ते १० मध्ये: खांदे-जबडा किती आखडलाय, शेवटच्या तासात चिडचिड किती झाली, काल झोप कशी लागली. नाव लिहायचं नाही, कागद डब्यात टाकायचा. डबा मी उघडणार, मॅनेजर नाही. ही अट आधी मान्य करून घ्या. नाहीतर सगळे दोन-दोन, तीन-तीन असे गोड आकडे लिहून मोकळे होतात.

४ जून, बुधवार

कॉन्फरन्स रूम फसली.

योजना अशी होती की साडेदहाला अर्धी टीम आत, ध्वनिफीत लावायची, १५ मिनिटं बसायचं. मग उरलेली अर्धी टीम. झालं असं की आत बसलेल्यांना बाहेरची क्यू दिसत नव्हती, पण ती वाढतेय हे प्रत्येकाला माहीत होतं. दार उघडून बाहेर आलो तर डॅशबोर्ड लालभडक आणि मागे राहिलेल्यांच्या नजरा त्याहून लाल. आमची सीनियर तोंडावर म्हणाली, "तुम्ही शांत होऊन आलात, आता आम्हाला कोण शांत करणार?"

दोघांना झोप लागली. त्यांना मी उठवलं नाही. पहाटे उठून कामाला येणारा माणूस अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून बसला तर त्याला झोपच लागणार. त्यावरून एवढं कळतं की त्याला झोप हवी आहे.

६ जून, शुक्रवार

एचआरने आपणहून सर्क्युलर काढलं: 'सर्वांनी उपस्थित राहणे आवश्यक'. मला न विचारता. दिवसभरात तीन जणांनी येऊन विचारलं की न आल्यास रजा लागेल का. जाऊन ते सर्क्युलर मागे घ्यायला लावलं. त्यात अर्धा दिवस गेला आणि विश्वास गेला तो वेगळाच.

सक्ती केली की हे प्रकरण संपतं. डोळे मिटून बसलेल्याच्या डोक्यात काय चाललंय ते कोणाला दिसत नाही, त्यामुळे हजेरी घेऊन हाती काही लागत नाही. शिवाय काहींना डोळे मिटून शांत बसणं मुळात झेपत नाही. त्याबद्दल पुढे आहेच.

खोली सोडून दिली. सोमवारपासून डेस्कवर.

९ जून, सोमवार

नवी कल्पना: फोन वाजला की उचलण्याआधी एक श्वास. सगळीकडे हेच सांगतात, ऐकायला सुंदर आहे. आमच्याकडे पहिल्या कॉललाच मोडली.

कारण आमच्याकडे फोन वाजतच नाही. सिस्टीम ऑटो-आन्सरवर आहे. कानात एक बीप येते आणि दुसऱ्याच क्षणी ग्राहक बोलायला लागलेला असतो, बऱ्याचदा वाक्याच्या मध्यापासून. श्वास घ्यायला फटच नाही. मी स्वतः आज हेडसेट लावून बसले आणि त्या बीपकडे नीट लक्ष दिलं. बीप आली की माझी जीभ टाळ्याला जाऊन चिकटते, खांदे कानाकडे सरकतात आणि श्वास अर्ध्यावर थांबतो. प्रत्येक वेळी. ग्राहक काय बोलणार हे कळायच्या आधीच अंग मार खायच्या तयारीत. कॉल साधा पत्ता बदलण्याचा निघाला तरी खांदे खाली येत नाहीत, कारण तोवर पुढची बीप आलेली असते.

हे सगळ्यांना सांगितलं तर कोणी हसलं नाही. शेजारच्या डेस्कवरची एवढंच म्हणाली, "अगं, माझे तर पायाचे अंगठे वळतात."

१० जून, मंगळवार

कॉलच्या आधी जागा नाही, तर नंतर आहे का? आहे. कॉल संपल्यावर नोंद करायला जी वेळ मिळते, तिला आमच्याकडे रॅप-अप म्हणतात. तिच्यात श्वास बसवायचा ठरवला आणि आधी हिशेब केला.

सावकाश घेतलेला एक श्वास, बाहेर सोडणं लांब, साधारण १० सेकंद. तीन श्वास म्हणजे अर्धं मिनिट. एका शिफ्टला ६० कॉल धरले तर तीस मिनिटं. हे कोणीही मंजूर करणार नाही आणि खरं सांगायचं तर करूही नये, क्यूमध्ये थांबलेला माणूस म्हणजे उद्याचा चिडलेला माणूस. एकच श्वास घेतला तर १० मिनिटं. कॉन्फरन्स रूमच्या १५ मिनिटांपेक्षा कमी. मॅनेजरने ती १५ मिनिटं आधीच दिलेली होती, ती तुकडे करून वापरतोय एवढंच.

प्लॅनिंगवाल्याला हा हिशेब कागदावर दाखवला. सरासरी हाताळणी वेळ म्हणजे बोलणं, होल्ड आणि रॅप-अप यांची बेरीज, ती वाढली की त्याच्या मानेवर सुरी. तो म्हणाला, "सरसकट दहा सेकंद नको. वाईट कॉल झाला की जास्त घ्या, बाकी वेळी सोडून द्या." माणूस शहाणा आहे. त्यासाठी वेगळा ऑक्स कोड लागेल म्हणाला, ब्रेक किंवा ट्रेनिंगचा असतो तसा. कोड लावला की तेवढा वेळ नवा कॉल येत नाही आणि रिपोर्टमध्ये तो वेळ वेगळा दिसतो, कामचुकारपणात मोजला जात नाही. आयटीकडे टिकट, म्हणजे कामाची लेखी विनंती, टाकलं.

तोवर रॅप-अपमध्येच, नोंद टाइप करून झाल्यावर आणि पुढचा कॉल घ्यायला 'रेडी' बटण दाबण्याआधी, एक श्वास.

१२ जून, गुरुवार

एका सहकाऱ्याला श्वासाकडे लक्ष दिलं की धाप लागते. आधी वाटलं लाजतोय. मग त्याने नीट सांगितलं: श्वास मोजायला लागलो की तो अपुरा वाटतो, मग जोरात घेतो, मग छाती धडधडते. असं अनेकांचं होतं. ज्यांना घाबरण्याचे झटके येऊन गेलेत किंवा काही वाईट प्रसंग अंगावरून गेलाय, त्यांना डोळे मिटून शरीराच्या आत बघत बसणं उलट भोवू शकतं. सराव शिकवणाऱ्याने हे पहिल्या दिवशी सांगायला हवं, आणि ध्वनिफीत ते सांगत नाही.

त्याच्यासाठी श्वास बंद केला. डोळे उघडे, पायांचे तळवे जमिनीवर. टाच टेकलीय का, बुटाच्या आत बोटं कशी आहेत, कुठल्या पायावर भार जास्त आहे. बस, एवढंच. धाप लागली नाही. मग सगळ्यांनाच दोन्ही पर्याय दिले आणि निम्म्याहून जास्त लोकांनी पाय घेतले. पायांचा एक फायदा असा की बोलता बोलताही त्यांच्याकडे लक्ष देता येतं. बोलताना श्वास आवाजाबरोबर हलतो, पाय जागेवरच असतात.

भिंतीवर कागद लावला: हा उपचार नाही. झोप उडाली असेल, भीतीचे झटके येत असतील, जगणं नकोसं वाटत असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशक. सरावाने ते वाढत असेल तर सराव लगेच थांबवा, मला सांगितलं नाही तरी चालेल.

१८ जून, बुधवार

टीममधला सगळ्यात नवा मुलगा दुपारी आला.

"मॅडम, माझं काहीतरी चुकतंय. शांत वगैरे काही वाटत नाही. उलट आता राग जास्त दिसतो."

"आधी नव्हता?"

"असेल. घरी गेल्यावर कळायचा."

चुकत काहीच नाही. आधी त्याला तो घरी पोचल्यावर कळायचा, म्हणजे घरच्यांना कळायचा. आता डेस्कवरच कळतो. कळला की लगेच जातो असंही नाही, पण पुढच्या ग्राहकावर निघत नाही.

यातून सूचना बदलली. 'शांत व्हा' हे शब्द सगळ्या कागदांवरून काढले. त्याजागी: 'रेडी दाबण्याआधी बघा, अंगात काय चाललंय.' छातीत गरम, पोटात गोळा, दात आवळलेले, जे असेल ते. मनातल्या मनात नाव द्यायचं आणि पुढे जायचं. शांत व्हायला सांगितलं की माणूस शांत झाल्याचं नाटक करतो. ते नाटक ग्राहकासाठी दिवसभर चालूच असतं, त्यात आणखी एक प्रयोग कशाला?

सोबत एक चिठ्ठी ठेवली. ज्या कॉलनंतर जास्त वेळ थांबावंसं वाटलं, त्याची वेळ आणि एक शब्द लिहायचा. हे का केलं ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं. पुढे याच चिठ्ठ्यांनी सगळ्यात मोठं काम केलं.

२३ जून, सोमवार

ॲपचा आठवडा, लवकर उरकते. एकाने ध्यानाचं ॲप सुचवलं, मोफत चाचणी होती, काहींनी घेतलं. दर तासाला 'थांबा, श्वास घ्या' अशी सूचना स्क्रीनवर यायला लागली, नेमकी ग्राहक रडत असताना. चाचणीची मुदत संपल्यावर वर्गणी भरा म्हणून वेगळ्या सूचना. काढून टाकलं.

पण त्यावरून मूळ प्रश्नाकडे लक्ष गेलं: मुळात किती सूचना येतात? एका डेस्कवर बसून मोजल्या. टीमचा चॅट ग्रुप, फ्लोअरचा ग्रुप, 'अर्जंट' नावाचा ग्रुप (ज्यात वाढदिवस साजरे होतात), मेलचे पॉप-अप, टिकट सिस्टीमचे पॉप-अप. एक माहिती दोन-तीन ठिकाणांहून येत होती. ग्लोरिया मार्क यांच्या २००८ च्या प्रयोगात असं दिसलं होतं की व्यत्यय आणलेली माणसं काम उलट लवकर संपवतात, पण ताण, घाई आणि वैताग यांची किंमत मोजून. आमच्या फ्लोअरचं हुबेहूब वर्णन. डॅशबोर्डवर वेग दिसतो, मोजलेली किंमत दिसत नाही.

कॉलवर असताना मेल आणि चॅटचे पॉप-अप बंद. सिस्टीम बंद पडली तर सुपरवायझर उठून सांगेल. 'अर्जंट' ग्रुपमध्ये फक्त सुपरवायझर लिहू शकेल. हे करायला एक दुपार पुरली. कशाचंही ध्यान न करता त्या आठवड्यात जेवढा फरक पडला, तेवढा आधीच्या तीन आठवड्यांत पडला नव्हता. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, करणाऱ्यांनी क्रम उलटा घ्यावा.

१ जुलै, मंगळवार

लेखी तक्रारींवरची उत्तरं. फोनवर राग आवाजात येतो आणि सुपरवायझर मध्ये पडू शकतो, मेलमध्ये तो गोठून कायमचा राहतो.

आज एका सहकाऱ्याच्या खांद्यावरून बघत होते, त्याच्या परवानगीने. ग्राहकाचं तिसरं पत्र, तिन्हींत तेच. याने टाइप केलं: 'आपणास यापूर्वीही कळविण्यात आले आहे की'. त्या 'यापूर्वीही' मधला 'ही' दाबताना कळ जरा जोरात वाजली. मी काही बोलले नाही. तोच थांबला, हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. मग 'ही' खोडला. मग 'यापूर्वी' खोडलं. मग अख्खं वाक्य खोडून ग्राहकाचं पत्र पुन्हा वाचलं, आणि सापडलं की तो विचारतोय वेगळंच. आधीची दोन्ही उत्तरं न विचारलेल्या प्रश्नाची होती.

पद्धत ठरवली: उत्तर लिहिताना 'प्रति' चौकट रिकामी ठेवायची. लिहून झालं की हात मांडीवर, पाय जमिनीवर, मग ग्राहकाचं पत्र एकदा पुन्हा वाचायचं, मगच पत्ता भरायचा. प्रत्येक पत्रामागे मिनिटभर जास्त. चौथं पत्र आलं नाही तर ते मिनिट वसूल.

८ जुलै, मंगळवार

वाईट आठवडा. गेल्या गुरुवारी मुख्य सिस्टीम पडली आणि शनिवारपर्यंत रडतखडत चालली. क्यू तिप्पट. चिठ्ठ्या नाहीत, कागद नाहीत, डबा रिकामा. श्वास वगैरे कोणाच्या लक्षातच राहिला नाही, माझ्याही नाही.

आज विचारत फिरले, त्यातही काही टिकलं का? दोन गोष्टी टिकल्या. पाय, कारण ते बोलताना जमतं. आणि हेडसेट. काहींनी आपणहून सुरू केलं होतं की ब्रेकला उठताना हेडसेट फेकायचा नाही, दोन्ही हातांनी काढून टेबलावर ठेवायचा आणि हात सुटेपर्यंत त्याच्याकडेच बघायचं. ब्रेकवरून आलं की तसाच घालायचा. वेळ लागत नाही, परवानगी लागत नाही, रिपोर्टमध्ये दिसत नाही. गर्दीत तगला तो असाच सराव, जो आधीपासून करत असलेल्या हालचालीला चिकटवलेला होता. ज्याची वेगळी आठवण ठेवावी लागत होती, ते सगळं पहिल्या तासात वाहून गेलं.

म्हणून नव्याने मांडलं: लक्षात ठेवायचं काही नाही. हेडसेट, 'रेडी' बटण, खुर्चीतून उठणं आणि 'प्रति' चौकट. या चार जागा, प्रत्येकाने यातली एक घ्यायची. चारही घेतल्या तर चारही सुटतात.

१६ जुलै, बुधवार

ऑक्स कोड एकदाचा आला. टिकट टाकल्यापासून महिन्याहून जास्त. अडलं कुठे होतं? कोडला नाव काय द्यायचं यावर. कोणीतरी 'वेलनेस' सुचवलं होतं, कोणीतरी 'रिचार्ज'. आम्ही 'विराम' म्हणालो. एका वेळी एक मिनिट, त्यानंतर आपोआप 'रेडी'. पहिल्या दिवशी कोणी वापरला नाही, कारण सगळ्यांना वाटलं हा सापळा आहे. सुपरवायझरने स्वतः दोनदा लावला, सगळ्यांना दिसेल असा. मग बाकीच्यांचे सुरू झाले.

एकजण त्या मिनिटात मोबाइल बघतो. मॅनेजर म्हणाले, त्याचा कोड काढू या. मी नको म्हटलं. शिव्या खाल्ल्यानंतरचं एक मिनिट त्याला कसं घालवायचंय ते त्याचं त्याने ठरवावं. पोलिसगिरी सुरू झाली की सर्क्युलरच्या दिवसावर परत.

२२ जुलै, मंगळवार

चिठ्ठ्या घेऊन बसले. वेळेप्रमाणे लावल्या तर अकरा ते बाराच्या मध्ये ढीग. शब्दही सारखेच: 'अन्याय', 'खोटं', 'धमकी', 'आई'. शेवटचा आधी कळला नाही. विचारल्यावर समजलं, ग्राहकाने आईवरून शिवी दिली होती.

अकराला काय होतं? रेकॉर्डिंग ऐकली. आमचीच सिस्टीम साडेदहाच्या सुमारास एकगठ्ठा एसएमएस पाठवते: बिल थकलंय, सेवा बंद होईल. आदल्या दिवशी पैसे भरलेल्यांची नोंद मात्र दुपारी चढते. म्हणजे पैसे भरून बसलेल्या माणसांना आपण रोज सकाळी धमकी पाठवतोय, आणि ती माणसं आमच्या डेस्कवर फुटतायत. आम्ही सात आठवडे त्या फुटण्याला सामोरं जायला श्वास शिकतोय!

हे आधी कोणाला माहीत नव्हतं असं नाही. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने माहीत होतं. पण 'ग्राहक असेच असतात' म्हणून सोडून दिलं होतं. राग कुठे, कधी चढतो हे रोज बघितलं तेव्हाच तो ढीग एका जागी दिसला.

मॅनेजर, बिलिंग आणि मेसेज पाठवणारी टीम, तिघांना एकत्र बसवलं. एसएमएसची वेळ नोंदी चढल्यानंतरची करायची आणि 'सेवा बंद होईल' आधी 'आपण रक्कम भरली असल्यास या संदेशाकडे दुर्लक्ष करावे' घालायचं. पहिलं करायला वेळ लागेल, दुसरं उद्यापासून.

२९ जुलै, मंगळवार

आठ आठवडे भरले. डब्यातले आकडे: खांदे-जबडा उतरलाय, चिडचिड उतरलीय, झोप जिथे होती तिथेच. आता हे कशामुळे? सराव, पॉप-अप बंद होणं, विराम कोड, एसएमएसची दुरुस्ती, की सिस्टीम पडल्याचा आठवडा सरला म्हणून? वेगळं काढता येत नाही, तुलनेला दुसरी टीमही नव्हती. त्यामुळे 'सजगतेने इतके टक्के फरक' असं वाक्य मी कुठल्याही सादरीकरणात घालू दिलं नाही. एचआरला ते हवं होतं.

उलट त्यांना दुसरा कागद दाखवला. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. कंपनीने दिलेल्या सजगता, ताणव्यवस्थापन, ॲप वगैरे कार्यक्रमांत भाग घेतलेले, न घेतलेल्यांपेक्षा बरे असल्याचं त्यात दिसलं नाही. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. माणसाला श्वास घ्यायला शिकवायचं आणि साडेदहाचा एसएमएस तसाच चालू ठेवायचा, तर दुसरं काय दिसणार? बर्नआउटची जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची व्याख्याही हेच सांगते: कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा, नीट न हाताळलेला ताण. ती त्याला आजार म्हणत नाही, कामाशी निगडित घटना म्हणते.

झोपेचा आकडा हलला नाही याचं कारण रोस्टरमध्ये आहे. संध्याकाळची शिफ्ट संपवून माणूस दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला येतो, मध्ये आठ तास, त्यातला प्रवास वजा. किमान बारा तासांचं अंतर मागितलं. उत्तर आलं: 'माणसं कमी आहेत.' यावर पाय जमिनीवर ठेवून काही होत नाही. मागणी लेखी दिली आहे, दर महिन्याच्या बैठकीत पुन्हा ठेवणार.

५ ऑगस्ट, मंगळवार

रात्रपाळीच्या लीडने हे सगळं मागितलं. त्याला दिलं त्या क्रमाने लिहून ठेवते, आमचा झाला त्या क्रमाने नव्हे. आधी पॉप-अप बंद, एक दुपार. मग चिठ्ठ्या, दोन आठवडे नुसत्या, सराव न शिकवता. त्यातून वेळेचा ढीग दिसला तर आधी तो उपसायचा. मग चार जागांपैकी एक जागा, श्वास किंवा पाय, ज्याला जे झेपेल ते. कोडचं टिकट पहिल्याच दिवशी टाकायचं, कारण ते उशिराच येतं. कॉन्फरन्स रूम बुक करायची नाही.

त्याने विचारलं, "ताई, रात्री कॉल कमी असतात, मग अर्धा तास बसवू का सगळ्यांना?" म्हटलं, बसायचंय त्यांना बसू दे, पण ज्याला डुलकी काढायचीय त्याला डुलकी काढू दे.

विराम कोड सध्या फक्त सकाळच्या ग्रुपला जोडलेला आहे. रात्रीच्या ग्रुपसाठी आयटीकडे वेगळं टिकट टाकलंय, नाव तेच ठेवायचं असं आधीच लिहून.